सहा हिरव्या बाटल्यांचा पंचनामा

दारूबंदीच्या जिल्ह्यात मद्यार्काच्या सहा बाटल्यांसकट पकडला गेलेला आणि ही दारू मी शेवाळाला पाजली आहे असं पोलिसांना सांगणारा मी पहिलाच माणूस असेन. शेवटचाही असेन, कारण माझी गत पाहून दुसरा कोणी या भानगडीत पडेल असं वाटत नाही. मी दारू पीत नाही. सुपारीही खात नाही. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होतो, परीक्षानळ्या धुतल्या. एकदा तिथल्या बाटलीतलं स्पिरिट कमी झालं तेव्हा मुख्याध्यापकांनी शिक्षकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडाचा वास घेतला. माझा घेतला नाही. म्हणाले, वासुदेवचा घेऊन काय उपयोग. ही माझी आयुष्यभराची कमाई. ती एका नाल्यात गेली.

नाला केळझरच्या पुढे, आमच्या खडकझरी गावाला लागून. तिथे माझी मोठी बहीण कुंताबाई भाजीची वाडी करते. सांबार, पालक, मुळा. (सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबर येतं ते नव्हे. हे पुण्याकडच्या वाचकांसाठी. त्यांना आमच्याबद्दल सगळंच समजावून सांगावं लागतं.) पहाटे भाजी उपटायची, नाल्याच्या घाटावर बसून जुडी जुडी धुवायची आणि मग बाजारात न्यायची, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. न धुतलेली भाजी बाजारात नेणं म्हणजे तिच्या लेखी नवरीला शेणाच्या हातानं बोहल्यावर उभं करणं.

तीन वर्षांपूर्वी नाल्याच्या वरच्या अंगाला सूत रंगवण्याचा कारखाना आला. उद्घाटनाला मंडप, भाषणं, पंचक्रोशीला जेवण. जेवणातली पालकभाजी कुंताबाईच्या वाडीतली. वर्षभरात तिच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडली, मग सोलली, मग भेगांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरनं मलम दिलं आणि सांगितलं, पाण्यात हात घालू नका. भाजीवालीला पाण्यात हात घालू नका म्हणणाऱ्या माणसाला आपल्याकडे एम.डी. म्हणतात.

मी प्रदूषण तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात अर्ज केला. मी अर्ज चांगला लिहितो; शाळेतल्या अर्ध्या शिक्षकांचे रजेचे अर्ज मीच लिहायचो, त्यांच्या सह्यांसकट. अर्जावर जीप आली, साहेब उतरले, बाटलीभर पाणी घेऊन गेले. अहवाल आला: पाणी विहित मर्यादेत. पुन्हा अर्ज, पुन्हा जीप, पुन्हा विहित मर्यादेत. यात गूढ काही नाही. जीप निघण्याआधी दोन दिवस कारखान्याला कळायचं, सांडपाण्याचं नळकांडं बंद व्हायचं आणि नाला न्हाऊन-माखून साहेबांसमोर उभा राहायचा. नळकांडं उघडायचं रविवारी आणि सणावारी, म्हणजे सरकार घरी पुरणपोळी खात असतं तेव्हा.

माझी मुलगी सुरभी पुण्याला एका संस्थेत संशोधन करते. तिला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पाण्याला कशाला विचारता? पाणी वाहून जातं. दगडाला विचारा."

तिचं म्हणणं असं. वाहत्या पाण्यातल्या दगडावर जो तपकिरी-हिरवा बुळबुळीत थर असतो, त्यात डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं. काचेच्या डबीत राहणारं. त्यातल्या काही जाती स्वच्छ पाण्याशिवाय जगत नाहीत, काहींना घाणच मानवते. जीप येणार म्हणून त्या दोन दिवसांत गाव सोडत नाहीत. आठवडेच्या आठवडे जे पाणी वाहिलं त्याची हजेरी दगडावर लागलेली असते. तो थर खरवडायचा, बाटलीत भरायचा आणि प्रयोगशाळेत त्याचा डीएनए काढून कोण कोण हजर आहे ते वाचायचं. त्यावरून पाण्याला वीसपैकी गुण. एकतीस वर्षांत विज्ञानातली मला इतकी पटलेली गोष्ट ही पहिलीच. साक्षीदार दगडाला चिकटलेला आणि चहापाण्याला न बधणारा.

मी आता वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत असतो; तिथे आमच्या शेजारी मधुकरराव राहतात. तहसीलमधून निवृत्त झाले, पण सल्ला देण्यातून नाही. त्यांना सांगितलं तर चष्मा पुसत म्हणाले, "डीएनए म्हणजे ते बापाचं ना? नाल्याचा बाप शोधून राह्यले का तुम्ही?"

"बाप माहीत आहे," मी म्हणालो, "नाव लावायला तयार नाही."

"मंग कोर्टात जा. शेवाळ कायले?"

मी बारा टूथब्रश आणले. प्रत्येक बाटलीला नवा ब्रश, एका ठिकाणचा डीएनए दुसऱ्यात जायला नको म्हणून, आणि चुकलं तर म्हणून आणखी सहा. दुकानदारानं विचारलं, "पाहुणे आले का?" हो म्हणालो. माझी बायको उज्वला म्हणाली, तीन महिने झाले माझा ब्रश बदला म्हणते, आणि आता दगडांचे दात घासायला डझनभर.

कुंताबाईला आदल्या दिवशी फोन केला. घाटावरचे चांगले चांगले दगड पाहून ठेव, मी येतो, दगड पुण्याला तपासायचे आहेत. माझी चूक एवढीच की 'पाहून ठेव' म्हटलं आणि हात लावू नको म्हणायचं राहिलं. मी हातमोजे घालून, ब्रश घेऊन, डॉक्टरच्या थाटात घाटावर पोचलो. पाहतो तर घाट चमकतोय. कुंताबाई आणि तिची शेजारीण मंदाबाई यांनी सकाळपासून पाण्यातला एकूण एक दगड नारळाच्या काथ्यानं आणि राखेनं घासला होता. सगळ्यात देखणे दहा दगड धुतलेल्या पोत्यावर वाळत घातले होते. बोट फिरवलं तर कर्र वाजलं.

"बाई, हे काय केलं?"

"पुण्याले पाठवाचे व्हते ना? असे लिबलिबे कसे देऊ? लोकं म्हंतीन, खडकझरीच्या बायका घाणीत राह्यतात."

"मला ते लिबलिबंच पाहिजे होतं."

"मंग तसं सांगाचं. शेवाळ पाहिजे म्हनून कोनी सांगते का? मले वाटलं दगड पाहिजे." आणि मंदाबाईकडे वळून, "लहानपनापासून असाच हाये हा. धुतलं तं काऊन धुतलं, नाई धुतलं तं काऊन नाई धुतलं."

तिच्या बोटांच्या भेगांत राख बसली होती. मी हातमोजे काढले. घाटाखाली सगळी रेती; दगड तेवढेच. सुरभीला फोन केला. ती बराच वेळ हसली, मग म्हणाली, महिनाभर थांबा, थर पुन्हा धरेल.

हा महिना मी मद्यार्क मिळवण्यात घालवला. खरवडलेलं शेवाळ सडू नये, डीएनए टिकावा, म्हणून ते कडक मद्यार्कात बुडवून ठेवावं लागतं. आता आमचा जिल्हा असा की इथे प्यायला दारू कुठे मिळते हे शेंबडं पोरगं सांगेल, पण कायद्यानं चमचाभर पाहिजे असेल तर माणसाचे जोडे झिजतात. परवान्याच्या खिडकीवरचा बाबू मान वर न करता म्हणाला, "औद्योगिक, औषधी का वैयक्तिक?"

"शेवाळासाठी."

मान वर झाली. "तसा फॉर्म नाई. काका, वैयक्तिकचा भरा. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, तब्येतीसाठी घ्यावी लागते म्हनून. लगेच होते."

"पण मी पीत नाही."

"मंग कायले पाहिजे?"

असं आम्ही दोघं गोल गोल फिरलो. मागे रांगेतला एक जण मला म्हणाला, लाजता काय काका, सगळेच काढतात. पीत नाही असं मोठ्यानं सांगावं तितका माणूस जास्त पिणारा वाटतो, हे ज्ञान मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी झालं. शेवटी सुरभीच्या संस्थेच्या पत्रावर नागपूरच्या रसायनांच्या दुकानातून बाटली घेतली आणि एस.टी.नं घरी आणली. वाटेत कोणी विचारलं नाही. माझं तोंडच तसं आहे.

महिन्यानं दगडांवर थर आला. कुंताबाई बिचारी तेवढे दिवस घाटावर पहारा देत होती. कोणी पाय धुवायला बसलं की म्हणायची, तिकडे जाय, सरकारी शेवाळ हाये. मी कारखान्याच्या वर पाच दगड, खाली पाच दगड घासले. तीन बाटल्या वरच्या, तीन खालच्या. मद्यार्क ओतला. द्रव हिरवागार झाला, झाकणं लावली, चिठ्ठ्या लावल्या: खडकझरी वर, खडकझरी खाली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी परीक्षानळी धुतली नाही, भरली.

परतताना सेलूच्या अलीकडे नाकाबंदी. जमादाराच्या छातीवर नाव, रूपराव. सहा फुटी आणि सभ्य. ऑटोतल्या सगळ्यांच्या पिशव्या पाहिल्या. माझी उघडली, एक झाकण फिरवलं, हुंगलं आणि दोन पावलं मागे सरला.

"काका, हे कोनती?"

"शेवाळ आहे."

"मोहाची पाह्यली, गुळाची पाह्यली. शेवाळाची पह्यल्यांदा पाहून राह्यलो." मग चिठ्ठी वाचून, "खडकझरी वर, खडकझरी खाली. दोन भट्ट्या हायेत का?"

मी सगळं सांगितलं. डायटम, काचेची डबी, हजेरी, वीसपैकी गुण. रूपरावनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सोबतच्या शिपायाला म्हणाला, "जादा चढेल दिसते."

चौकीवर माझ्या तोंडाचा वास घेण्यात आला. एकतीस वर्षं राखलेलं हे स्थान त्या दिवशी पडलं. ओळख पटवायला कोणाला तरी बोलवा म्हणाले. मी मधुकररावांना फोन केला. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीवर बसले आणि शासकीय आवाजात जबाब दिला: "वासुदेवरावांना मी बावीस वर्षं ओळखतो. दारू पिताना कधी पाहिलं नाही. आता घरात दार लावून पीत असतील तर आपल्याला कसं कळणार?" नंतर बाहेर मला म्हणाले, खोटं कसं सांगू, शपथेवर होतो.

पंचनामा झाला. 'हिरवट रंगाचे, उग्र वासाचे, तळाशी गाळ असलेले द्रव्य, बाटल्या सहा.' पंच म्हणून मधुकररावांचीच सही. संस्थेचं पत्र रूपरावनं दोनदा वाचलं आणि परत दिलं. म्हणाला, पत्र इंग्रजीत हाये, बाटल्या मराठीत हायेत, मी कोनतं धरू? जामिनावर घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात: 'निवृत्त शाळा कर्मचाऱ्याकडून हिरवी दारू जप्त.' फोटो माझ्या निवृत्तीच्या सत्काराचा, हारासकट. कॉलनीतल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी येऊन, दबक्या आवाजात, कशी लागते असं विचारलं. उज्वला चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही प्यायले असते तर निदान लोकांना समजावून तरी सांगता आलं असतं."

बाटल्या तपासायला गेल्या आणि अहवाल महिनाभरात आला. कुंताबाईच्या हातांसाठी तीन वर्षांत पाणी नीट तपासलं नाही, पण तेच पाणी मी पितो की काय हे पाहायला सरकारी प्रयोगशाळा धावली. मद्यार्क अडुसष्ट टक्के, 'मानवी सेवनास अयोग्य, वनस्पतिजन्य गाळयुक्त'. आमच्या नाल्यात सेवनास अयोग्य काही आहे हे सरकारनं लिहून दिलेला हा एकमेव कागद. तो माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून फाइलला लागला. तारखा अजून चालू आहेत.

मग सुरभी स्वतः रजा काढून आली. दारूचा थेंब न वापरता शेवाळ गाळून घेतलं, मिठाईच्या दुकानातल्या थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवलं आणि रेल्वेनं पुण्याला नेलं. टी.सी.नं विचारलं तर म्हणाली, कुल्फी आहे. माझी मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी तेव्हा लेखी मान्य केलं असतं.

निकाल आला. कारखान्याच्या वर: वीसपैकी पंधरा. खाली: वीसपैकी चार. वर एकूण शंभरावर जाती, एकमेकींत गुण्यागोविंदानं. खाली अकरा, आणि त्यातल्या नऊ घाणीवर पोसणाऱ्या. शाळेच्या भाषेत वरचा विद्यार्थी पहिल्या वर्गात, खालचा नापास, आणि मधे एकच नळकांडं.

मी तो कागद घेऊन त्या कार्यालयात गेलो. साहेबांनी आदरानं वाचला. म्हणाले, "काम छान आहे. पण आमच्या नमुन्यात शेवाळाचा रकाना नाही."

"रकाना काढा की."

"ते आमच्या हातात नाही. शिवाय नमुना तुमच्या घरच्या माणसानं घेतलाय. आणि," फाइल चाळत, "तुमच्यावर एक गुन्हाही दिसतो."

कागदाची एक प्रत मी मधुकररावांना दाखवली. ही माझी शेवटची आणि सगळ्यात मोठी चूक. त्यांनी फोटो काढला आणि माणुसकीपोटी, अगदी निर्मळ मनानं, कॉलनीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला: 'खडकझरीच्या नाल्याचे पाणी डीएनए चाचणीत नापास. तेथील भाजी घेऊ नये. जनहितार्थ.' खाली हात जोडल्याची तीन चित्रं. संध्याकाळपर्यंत तो वर्धेच्या भाजीबाजारात पोचला. विज्ञानाचा प्रसार होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा मधुकररावांना भेटावं.

दुसऱ्या दिवशी कुंताबाईचा माल अडत्यानं उतरवूनही घेतला नाही. "मावशी, माल चांगला हाये, पन नाव खराब झालं." सेलूलाही तेच. चार दिवसांत खडकझरीच्या सतरा घरांची भाजी वाडीतच पिवळी पडली. कारखान्याला काही झालं नाही. झालं एवढंच की कारखान्याच्या कँटीननं आमच्या गावची भाजी घेणं बंद केलं. कारण म्हणून लेखी दिलं: पाण्याच्या गुणवत्तेबाबत शंका. कामगारांच्या आरोग्याची त्यांना काळजी वाटते.

मी गावात गेलो तर लोक बोलेनात. मंदाबाईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. एक म्हातारा, माझ्याच वर्गातला, पारावरून म्हणाला, "वासुदेवा, नाला नापास झाला तं आमाले काऊन घरी बसवलं?" खरं बोलावं, पुराव्यानिशी बोलावं, असं मी आयुष्यभर ऐकलं. पुरावा कोणाच्या अंगावर पडेल ते कोणी सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी कुंताबाई आमच्या घरी आली. सोबत कारखान्याचा एक माणूस, पांढरा शर्ट, हातात फाइल, बोलायला अतिशय गोड. तो दारातच थांबला. कुंताबाई आत येऊन खाली बसली, खुर्चीवर बसत नाही ती.

"वासू, हा कागद वाचून दाखव."

मी वाचला. कारखाना खडकझरीची भाजी पुन्हा कँटीनला घेईल, रोजची, बाराही महिने, आणि बाजारात न्यायची भाजी धुवायला गावात विंधन विहीर देईल. त्या बदल्यात सतरा घरांनी लिहून द्यायचं की नाल्याच्या पाण्याबद्दल त्यांची तक्रार नाही व कधी नव्हती. कुंताबाईचा परिच्छेद वेगळा होता: माझ्या हाताचा विकार कपडे धुण्याच्या सोड्यामुळे झाला असून त्याचा नाल्याशी संबंध नाही. खाली सही. त्याखाली साक्षीदाराची सही, आणि तिथे माझं नाव छापून आणलेलं.

"बाई, हे खोटं आहे."

"मले मालूम हाये खोटं हाये. माहे हात हायेत ते."

"मग सही कशी करतेस?"

"कशी म्हंजे? पेनानं." मग आवाज खाली आणून, "सोळा घरच्यांनी केली. माह्यासाठी थांबले हायेत. माही नाई झाली तं कोनाचीच भाजी जात नाई. तू खरं काढलं, मी नाई म्हनत नाई. पन खरं खाऊन सांबार मोठा व्हत नाई रे बाप्पा."

"आणि तुझे हात?"

"विहीर देऊन राह्यले ना. तिथंच धुईन आता." पदर सावरत, "वाडीले पानी तं नाल्याचंच राहीन. तेवढं मी बी समजते."

उज्वला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

कुंताबाईनं सही केली. बोटांना मलम होतं, पेन दोनदा सटकलं आणि 'कुंता'च्या खाली मलमाचा एक पिवळट डाग पसरला. मी माझी सही केली. वासुदेव, आडनावासकट, वळणदार, जशी रजेच्या अर्जांवर दुसऱ्यांसाठी करायचो तशी नव्हे, माझी स्वतःची.

कारखान्याच्या माणसानं कागद उजेडात धरून डाग पाहिला. "मावशी, हे चालणार नाही. कागद स्वच्छ पाहिजे," म्हणाला, आणि फाइलमधून दुसरी प्रत काढली.

कुंताबाई उठली, मोरीवर गेली, साबणानं हात धुतले. भेगांवर साबण झोंबला असणार, पण तिनं तोंड फिरवलेलं होतं. मग पदरानं एकेक बोट पुसून ती परत खाली बसली आणि दुसऱ्या प्रतीवर सावकाश, एकेक अक्षर लावून सही केली. डाग पडला नाही. मग तिनं पेन माझ्या हातात दिलं.